सासऱ्याचं बियाणं

चाचणीच्या थाळीतल्या बारीक खळग्यांमध्ये पिवळा रंग चढायला लागला तेव्हा बुरुलला पहिल्यांदा वाटलं, औषध घालताना आपलाच हात चुकला असणार. तिने थाळीची खालची बाजू पुसली, खिडकीपाशी नेली, पुन्हा पाहिली. शेवटच्या दोन ओळी पिवळ्याधमक होत्या. त्या कुणाच्या, हे तिला बघावं लागलं नाही. त्या बटाट्यांचे डोळे तिने स्वतः कोरून काढले होते, कुंड्यांत लावले होते, कोंब वर आल्यावर त्यांचीच पानं चुरडून रस काढला होता. ते बटाटे तिच्या घरचे होते. तिच्या सासऱ्यांच्या शेतातले.

"लिदिया मात्वेयेव्ना, जरा येता का?"

लिदिया मात्वेयेव्ना चष्मा कपाळावर चढवून आली. काराकोल शहरातल्या या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. शेतकी शाळा संपवून बुरुल इथे आली तेव्हा पहिलं वर्ष बाटल्या धुण्यातच गेलं. पुढचं सगळं लिदियाने शिकवलं. तिने थाळीकडे पाहिलं, मग बुरुलच्या चेहऱ्याकडे.

"वाय आहे," ती म्हणाली. "पण कुठला वाय?"

सगळं अडलं होतं ते या प्रश्नापाशी. बटाट्याला लागणाऱ्या विषाणूंमध्ये वाय हे एक मोठं घराणं. त्यातला जुना प्रकार या खोऱ्यात केव्हाचा ठाण मांडून होता. तो लागला की पान सुरकुततं, त्यावर फिकट ठिपके पडतात, झाड खुरटतं. शेतकरी लांबूनच ओळखतो आणि मुळासकट उपटून टाकतो. तसला रोग थोडाफार असला तरी बियाण्याला परवानगी मिळते, कारण उन्हाळ्यात तो डोळ्यांनी निवडून काढता येतो. पण अलीकडे पश्चिमेकडून एक नवा प्रकार येत असल्याचं दोघींनी वाचलं होतं. त्यात पान हिरवंगार राहतं. उन्हाळाभर झाड काहीच झालं नसल्यासारखं उभं असतं, मावा त्याचा रस पितो आणि रोग शेजारच्या झाडाला देऊन येतो. मग कोठारात, सगळं संपल्यावर, बटाट्याच्या सालीवर तपकिरी कडी उमटतात आणि आतला गर मरत जातो. असं बियाणं पेरायला दिलं तर दोन-तीन हंगामांत खोरं गेलं.

आणि थाळी या दोन्ही प्रकारांना सारखाच पिवळा रंग दाखवत होती. वेगळं ओळखणारं औषध संपलं होतं. राजधानीतल्या यंत्रासाठी लागणारं सामान परदेशातून यायचं होतं, ते पेरण्यांच्या आत येईल अशी आशा नव्हती.

"तंबाखू," बुरुल म्हणाली.

"तंबाखूच," लिदिया म्हणाली.

तंबाखूचं रोप खोटं बोलत नाही, असं ती नेहमी म्हणायची. पानावर बारीक भुकटी भुरभुरवायची, आजारी रस बोटाने हलके चोळायचा आणि वाट बघायची. जुना प्रकार असेल तर पान नुसतं चितकबरं होतं. नवा असेल तर पानाच्या शिरा तपकिरी पडतात, मग काळ्या, आणि पान शिरांपासून मरायला लागतं.

घरी कसं सांगायचं, याचा विचार करत बुरुल संध्याकाळच्या गाडीत बसली. काश्का-बुलाक गाव डोंगराच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या तोंडावर. त्या वाऱ्यामुळेच तिथे मावा टिकत नाही आणि म्हणून तिथलं बियाणं चांगलं, ही गावाची ख्याती. आणि त्या ख्यातीचा अर्धा वाटा तिच्या सासऱ्यांचा. मुसाकुन आके, गाव त्यांना आदराने आके म्हणायचं, रोज सकाळी सरीसरीतून चालायचे. हात मागे बांधलेले, टोपी डोळ्यांवर. मध्येच वाकायचे, एक झाड उपटायचे, पुढे जायचे. त्यांनी सोडलेल्या झाडात दोष निघाला असं कुणी ऐकलं नव्हतं. खालच्या खोऱ्यातली निम्मी गावं त्यांच्याकडून बियाणं न्यायची. बुरुलने त्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं; सून सासऱ्याचं नाव घेत नाही. घरी ती त्यांना अताके, म्हणजे बाबा, म्हणायची; प्रयोगशाळेतसुद्धा ती "वरच्या गावचा नमुना" एवढंच म्हणायची.

सासूबाईंनी, म्हणजे सोनुनने, चहा ओतला. बुरुलने वाटी हातात धरून सांगून टाकलं.

मुसाकुन आकेंनी आपली वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "दाखव."

"दाखवता येत नाही, अताके. पानावर दिसत नाही."

"मी एकेक झाड पाहिलंय, बाळा. सुरकुतलेलं एक नव्हतं."

"म्हणूनच भीती वाटतेय."

"म्हणजे झाड बरं दिसलं म्हणून ते आजारी," ते सोनुनला म्हणाले. "शहरात हे शिकवतात."

"मला काय विचारता? मी माझ्या गायीचं बघते," सोनुन म्हणाली. पण तिने बुरुलच्या वाटीत परत चहा ओतला नाही.

नुरदिन, बुरुलचा नवरा, नोवोसिबिर्स्कला ट्रक चालवायचा. त्या आठवड्यात त्याचा फोन आला. "तू नको करूस हे. दुसऱ्या कुणाला दे," तो म्हणाला. "दुसरं आहे कोण?" बुरुलने विचारलं. "बापाला जप," एवढंच तो शेवटी म्हणाला.

तंबाखूची रोपं तयार होती. त्यांवर रस चोळला तो हिवाळ्याच्या ऐन मध्यावर. आणि त्याच आठवड्यात थंडीने अशी पकड घेतली की काराकोलजवळच्या सरोवरावरून वाफेचे लोट उठायला लागले. प्रयोगशाळेची छोटी काचखोली कोळशाच्या बंबावर तगून होती. एका सकाळी बुरुल आली तर पाइप फुटलेला, फरशीवर बर्फ आणि ओळीने ठेवलेली तंबाखूची पानं उकडलेल्या पालकासारखी लोंबत होती. बंबामागच्या भिंतीला टेकलेल्या चार कुंड्या फक्त वाचल्या होत्या. एकीवर निरोगी बटाट्याचा रस चोळला होता, एकीवर जुन्या प्रकाराचा. उरलेल्या दोन सासऱ्यांच्या.

"माझ्याकडे वीज दिवसातून चारदा जाते," लिदिया म्हणाली. "माझं घर म्हणजे शीतपेटी. बुरुल, रात्रंदिवस पेटती चूल कुणाकडे आहे?"

दोघींनाही उत्तर माहीत होतं.

"ज्याचं बियाणं, त्याच्याच घरात?" बुरुल म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील तेव्हा म्हणतील. उद्यापर्यंत ही रोपं मरतील."

बुरुलने कुंड्या खोक्यात घातल्या, वर बारीक जाळी ताणली, खोकं मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं आणि गाडीत मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईने विचारलं, पिल्लं आहेत का? बुरुलने हो म्हणून टाकलं.

घरात शिरल्या शिरल्या तिने पहिलं काम केलं ते सासूबाईंचं जिरॅनियम बाहेर काढण्याचं. हिवाळ्यात मावा लपतो तो अशाच घरातल्या झाडांवर.

"वीस वर्षं वाढवलंय मी ते," सोनुन म्हणाली.

"शेजारी ठेवू, आपा. उन्हाळ्यात परत आणू."

"शेजारणीला झाडाची अक्कल नाही. चहाचा चोथा घालील त्यात." पण तिने स्वतःच ते शालीत गुंडाळून नेलं. परत येऊन तंबाखूकडे बघत म्हणाली, "आणि ही काय राणीसाहेब आली माझ्या खिडकीत?"

मुसाकुन आके खोक्यापाशी उकिडवे बसले.

"यातलं माझं कुठलं?"

सांगितलं नाही तर त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, आणि सांगितलं तर नेमक्या त्याच कुंड्या त्यांच्या हाताशी राहतील. तिने सांगितलं. "या डाव्या दोन. ही निरोगी. ही जुन्या रोगाची."

"शिरा काळ्या पडल्या तर?"

"तर बियाणं पेरता येणार नाही. अजिबात."

त्यांनी मान हलवली आणि चुलीत कोळसा घातला.

त्यानंतरचे दिवस बुरुलला काट्यावर बसल्यासारखे गेले. सकाळी निघताना ती जाळी उचलून पानं बघायची, आल्यावर कोट न काढता आधी तिथेच जायची. पानं हिरवी होती. सासरे दिवसभर घरी, चुलीजवळ, त्या कुंड्यांपासून हाताच्या अंतरावर. ते शब्दाला पक्के आहेत हे ती लग्न झाल्यापासून बघत आली होती. तरी गाडीत बसल्यावर तिच्या मनात यायचं, उकळत्या पाण्याचा एक थेंब पुरे. आणि असं मनात आलं म्हणून तिला स्वतःची लाज वाटायची.

बियाणे संघाचा अध्यक्ष ओमुरझाक एका सुट्टीच्या दिवशी आला. आडदांड, हसरा माणूस. वसंतात गावचं बियाणं न्यायच्या गाड्या त्याने आधीच बोलून ठेवल्या होत्या. स्वतःच्या पेरणीची पोती तर त्याने मुसाकुन आकेंकडून पानगळीतच उचलली होती. बुरुल गोठ्यातून दूध घेऊन आली आणि ओसरीत बूट काढताना तिला आतलं बोलणं ऐकू आलं.

"मुसाकुन आके, घरात साप पाळलात तुम्ही."

"कुंड्यांबद्दल बोलतोयस की सुनेबद्दल?"

ओमुरझाक हसला. "दोन्ही म्हणा. एक सांगू? चूल इथे, कुंडी तिथे. वीतभर सरकवली की करपलं झाड. थंडीने गेलं, उष्णतेने गेलं, कोण विचारतंय? आख्खं गाव तुमच्या तोंडाकडे बघतंय."

बुरुल हातातला बूट तसाच धरून थांबली. सासऱ्यांचं उत्तर तिला ऐकायचं होतं. उत्तर आलं नाही. चुलीवरच्या किटलीचं झाकण तेवढं वाजत राहिलं. ती मुद्दाम पाय आपटत आत गेली तेव्हा ओमुरझाक तळलेल्या बोरसोकाचा तुकडा जॅममध्ये बुडवत होता. "ये सूनबाई," तो म्हणाला, "तुमच्या तंबाखूच्या विड्या वळायला कधी येऊ?"

"तुमच्या घरी बटाटे संपले की या," बुरुल म्हणाली. सासरे खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी वादळ आलं. दुपारीच लिदियाने तिला घरी पाठवलं, पण रस्त्यावर बर्फाचे ढीग साठले होते, गाडी खाली उतरून ढकलावी लागली. गावच्या फाट्यापासून ती चालत निघाली. वाऱ्याने श्वास घेता येत नव्हता. फाटकाशी पोचली तेव्हा तिने वर पाहिलं, आणि घराच्या छपरावरून धूर निघत नव्हता.

दार सताड उघडं होतं. ओसरीत बर्फ घुसला होता. घरात कुणी नाही, चूल विझवलेली, सगळीकडे धुराचा कडवट वास. खिडकीत खोकं नव्हतं.

ती तिथेच उभी राहिली. आधी तिला दोघा म्हाताऱ्यांची काळजी वाटली, हे तिने नंतर स्वतःला बजावून सांगितलं. पण खरं म्हणजे तिची नजर आधी गेली ती खिडकीच्या रिकाम्या फळीकडे, आणि मनात एकच आलं: केलं त्यांनी.

"आपा," तिने हाक मारली. "अताके."

ती हाका मारत अंगणात आली तेव्हा शेजारच्या कुंपणावरून सोनुनने हात हलवला. ती शेजारणीकडे पलंगावर निजून होती, आत्ताच उठली होती. वाऱ्याने धुरांडं पाडलं होतं, सगळा धूर उलटा घरात आला होता, तिचं डोकं गरगरून ती पडली होती. नवऱ्याने तिला उचलून इथे आणलं होतं.

"आणि ते?"

"गोठ्यात," सोनुन म्हणाली. "मला इथे टाकलं आणि परत गेले तुझ्या राणीसाहेबांसाठी."

गोठ्यात गायीच्या श्वासाने ऊब होती. गाय लांबच्या खांबाला बांधलेली, तोंड तिकडे करून. गव्हाणीत वाळलं गवत, गवतात खोकं, खोक्यावर घरातली लग्नातली रजई. मुसाकुन आके नुसत्या सदऱ्यावर बाजूला बसले होते. त्यांचा मेंढीच्या कातड्याचा कोट रजईवर होता. त्यांचे ओठ निळे पडले होते.

"गाय दोनदा तोंड घालायला आली," ते म्हणाले. "तंबाखू खाल्ली असती तर मेली असती. लांब बांधली."

बुरुलने कोट उचलून त्यांच्या खांद्यावर घातला.

"बघ," ते म्हणाले.

तिने जाळी उचलली. दारातून बर्फाचा पांढरा उजेड येत होता. डावीकडच्या दोन्ही रोपांच्या वरच्या पानांत मधली शीर तपकिरी झाली होती, आणि तिच्यातून फुटलेल्या बारीक शिरा, जणू कुणी टाकाने गिरवल्यासारख्या, काळ्या.

थंडीने असेल, असं तिच्या ओठांवर आलं. म्हणावंसं वाटलं. तो म्हातारा अर्धा गोठून बसला होता, आणि एवढं म्हणायला काहीच लागत नव्हतं.

"मला वाटलं थंडीने," मुसाकुन आकेच म्हणाले. "पण ही बाकीची दोघं पण इथेच होती, याच गवतात. यातलं एक हिरवं आहे. एक चितकबरं झालंय, पण शिरा धड आहेत." त्यांनी खोक्याभोवतीचं गवत सारखं केलं. "तू अंधारात निघून गेल्यावर मी सकाळीच पाहिलं होतं. वादळाच्या आधी. तुला संध्याकाळी सांगणार होतो."

"काल ओमुरझाकला तुम्ही काही बोलला नाहीत," बुरुल म्हणाली. तिला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"काय बोलणार? मनात माझ्याही आलं होतं ते." त्यांनी कोटाची बाही ओढून घेतली. "चल. तुझ्या आपाला घरी आणू."

मुसाकुन आकेंना ताप आला, तो लवकर उतरला नाही. दरम्यान काचखोलीचा पाइप दुरुस्त झाला. लिदियाने नव्या रोपांवर पुन्हा रस चोळला, कारण एकदाच केलेल्या चाचणीवर ती कधीच भरवसा ठेवत नसे. पुन्हा त्याच काळ्या शिरा. त्याच बियाण्यातले काही बटाटे बुरुलने उबेला ठेवले होते. त्यांच्या सालीवर फुगीर कडी उमटली, आणि कापल्यावर आत तपकिरी कमान दिसली. आता शंकेला जागा नव्हती. काश्का-बुलाकच्या बियाण्यात नवा प्रकार होता.

बर्फ वितळायला लागला तेव्हा शाळेच्या सभागृहात गाव जमलं. लिदिया आली होती, पण तिची किरगिझ भाषा बाजारापुरती. बोलायचं बुरुललाच होतं. तिने कापलेले बटाटे ताटात मांडून फिरवले. लोकांनी हातात घेतले, वास घेतला, पुढे दिले.

"हा बटाटा कुठल्याही गावचा असू शकतो," ओमुरझाक मागून म्हणाला. "कुणाच्या शेतातला ते सांग ना सूनबाई. माणसाचं नाव घेऊन सांग, म्हणजे आम्ही मानू."

दोन-चार जण हसले. ती नाव घेऊ शकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. बुरुलचे कान तापले. वरच्या गावचा नमुना, असं इथे म्हणून चालणार नव्हतं. नाव घेतलं तर भर गावात सासऱ्याचा मान गेला, नाही घेतलं तर सगळं खोटं. तिने लिदियाकडे पाहिलं. लिदियाला काय चाललंय तेच कळलं नव्हतं.

पहिल्या रांगेतून मुसाकुन आके उठले. आजारपणाने त्यांचा कोट ढगळ झाला होता.

"नाव ती घेणार नाही. माझी सून आहे," ते म्हणाले. "मी सांगतो. मुसाकुनचं बियाणं आहे ते. सगळं. यंदा माझ्याकडून कुणी पेरायला नेऊ नये. खायला न्या, उकडा, तळा. मातीत घालू नका."

मग मात्र कल्ला झाला. आम्ही काय पेरायचं, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, या बाईने स्वतःचं घर बुडवलं, आमचं काय सोडणार. प्रयोगशाळेच्या जाळीघरातलं स्वच्छ बियाणं मोजक्या घरांनाच पुरलं. बाकीच्यांनी जव पेरला, काहींनी राजमा लावला. मुसाकुन आकेंची कोठी बाजारात खायच्या बटाट्यांच्या भावाने रिकामी झाली आणि त्यांच्या रानात त्या वर्षी चारा उभा राहिला. सकाळी ते सवयीने उठायचे आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. ओमुरझाकने पानगळीत उचललेली पोती पेरलीच. त्याचं पीक उन्हाळाभर देखणं होतं, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बोलावून दाखवायचा. हिवाळ्यात त्याच्या अर्ध्या कोठीतल्या बटाट्यांवर कडी उमटली आणि ते सगळं गुरांपुढे गेलं.

रोग आला कुठून, ते कधीच नक्की कळलं नाही. खालच्या उतारावर कुणीतरी बाजारातली बिनखुणेची पोती लावली होती, असं म्हणत. पण ते रान नांगरून झालं होतं.

एवढ्यावर थांबता येत नव्हतं. हा प्रकार कुठवर पोचलाय ते बघायचं तर गावोगाव पानं गोळा करायला हवी होती, आणि बुरुलचं नाव तिच्या आधी सगळीकडे पोचलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती पहिल्या गावात गेली तर तीन फाटकं तिच्या तोंडावर बंद झाली. एका बाईने कुत्रं सोडलं. ती रिकामी पिशवी घेऊन घरी आली आणि कुणालाच काही बोलली नाही, पण सोनुनने तिच्या पोटरीवर औषध लावताना सगळं काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात दोन घोडे जीन घालून उभे होते.

"कुठे निघालात, अताके?"

"तू निघालीस. मी सोबत."

त्या उन्हाळ्यात ती दोघं सगळं खोरं फिरली. मुसाकुन आके फाटकाशी घोडा थांबवायचे, उतरायचे नाहीत. आतून माणूस बाहेर आला की आधी गुरांची विचारपूस, मग पोराबाळांची. मग म्हणायचे, "आधी माझंच बियाणं बाद झालं, ऐकलंच असशील. आता तुझं बघू दे तिला." त्यांच्यापुढे फाटक बंद करायला कुणाला जमलं नाही. बुरुल सरींतून पानं खुडत जायची. ते घोड्यावरून बघायचे आणि मध्येच सांगायचे, ते नको, ते उन्हाने पिवळं पडलंय.

त्या पानांतून चार गावांमध्ये नवा प्रकार निघाला. आणि सरोवराकडच्या एका गावातून आलेल्या पानांनी प्रयोगशाळेत वेगळाच पेच टाकला. वेगळं ओळखणारं नवं औषध आलं होतं. त्याने सांगितलं, जुना. तंबाखूच्या शिरा मात्र काळ्या पडल्या. बुरुलने पुन्हा केलं, लिदियाने स्वतः केलं, तेच.

"एक कुणीतरी खोटं बोलतंय," बुरुल म्हणाली.

लिदियाने बराच वेळ थाळी आणि पान शेजारी शेजारी धरून पाहिलं. "नाही," ती म्हणाली. "दोन्ही खरं सांगतायत. औषध नुसता अंगरखा ओळखतं, आणि अंगरखा जुन्याचा आहे, आतला माणूस नवा. दोघं एकाच झाडात भेटले असतील आणि त्यांचं मिळून हे तिसरंच झालंय." तिने चष्मा काढला. "याला थाळी कधीच पकडणार नाही, बुरुल. किती बियाणं आपण जुना म्हणून सोडलं असेल, देव जाणे."

बुरुलने पिशवीवरचं गावाचं नाव वाचलं. तिथलं बियाणं पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावांना निघायचं होतं, त्याआधी ते अडवायला हवं होतं. ती कोट घालायला उठली. खाली रस्त्यावर सासरे घोड्यांना पाणी पाजत उभे होते.